आदल्या रात्रीचा पाव

मे महिन्यात गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरात बारा माणसं असतात. भाऊ-वहिनी आणि त्यांची दोघं मुलं पुण्याहून येतात, धाकटी बहीण तिच्या तिघांना घेऊन बेळगावहून, मी आणि नवरा शनिवार-रविवार पणजीहून, आणि आई-बाबा तर तिथलेच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात पाटावर बसले होते आणि काहीच काम नसल्यामुळे मोजत होते. सात वाजता आईने पहिला पोळो तव्यावर घातला. पोळो म्हणजे आपलं घावन, पण आमच्याकडे घरात बोलणं कोंकणी आणि वाचणं-लिहिणं मराठी, त्यामुळे खायच्या वस्तूंची नावं कोंकणीतच राहिली आहेत. पावणेनऊला शेवटचा निघाला. छत्तीस. त्यातला छत्तिसावा तव्याला चिकटून फाटला होता, तो आईने तिथेच ओट्याला टेकून, वाटीच्या तळाला राहिलेल्या चटणीबरोबर खाल्ला, आणि नारळाचा रस तोपर्यंत संपला होता.

ती ७४ वर्षांची आहे. गुडघा दुखतो म्हणून उजव्या पायावर भार टाकून उभी राहते, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, म्हणजे दिसत होतं आधीही पण मोजायला बसले तेव्हा मनात गेलं.

तुम्ही म्हणाल मग तू का नाही उभी राहिलीस. राहिले ना, पुढच्या रविवारी राहिले, आईला जबरदस्तीने सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसवलं आणि तवा मी घेतला. मग शेवटचा पोळो मी खाल्ला. त्याच्या पुढच्या रविवारी वहिनी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यात कोणाचा आळस नाही की कोणाचा त्याग नाही, तव्याचा स्वभावच तसा आहे. तव्यावरची वस्तू एकेक होते, गरम खायची असते, त्यामुळे जो तव्याशी उभा तो शेवटी जेवणार, मग तो कोणीही असो. पोळे, आंबोळ्या, थालीपीठ, सगळ्यांचं तेच. पोहे-सांजा एकदम होतात हे खरं, पण बारा माणसांचे पोहे म्हणजे सकाळी सहाला कांदे-बटाटे घेऊन बसणं आलं आणि नंतर परत परत गरम करणं आलं. मला अशी काहीतरी न्याहारी हवी होती की जी सकाळी कोणाच्याही हाताशिवाय होईल आणि सगळ्यांच्या ताटात एकाच वेळी पडेल.

नवऱ्याची मावसबहीण अमेरिकेत असते, तिच्याकडून कळलं की तिथे नाताळच्या सकाळी लोक एक प्रकार करतात, पावाचे तुकडे आदल्या रात्री अंडं-दुधात भिजत घालून फ्रीजमध्ये ठेवायचे, वर फळं, आणि सकाळी उठल्या उठल्या ओव्हनमध्ये सरकवायचं. फ्रेंच टोस्ट कॅसेरोल म्हणतात त्याला. आपला बॉम्बे टोस्टच तो, फक्त तव्यावर एकेक भाजण्याऐवजी सगळे तुकडे एका भांड्यात एकदम. माझ्यासाठी सगळी गंमत त्या ‘एकदम’मध्ये होती.

नंतर वाचत गेले तर हे जुनं निघालं. शिळ्या पावाचं काय करायचं हा प्रश्न जिथे जिथे पाव आहे तिथे तिथे लोकांना पडलाय. फ्रेंचमध्ये या पदार्थाच्या नावाचा अर्थच ‘वाया गेलेला पाव’ असा होतो. पोर्तुगालमध्ये नाताळला राबानादा करतात, दुधात आणि अंड्यात बुडवून तळलेला पाव, वर साखर आणि दालचिनी. रोमन काळातल्या पाककृतींच्या एका संग्रहातसुद्धा पाव दुधात भिजवून, तळून, वर मध घालायची कृती आहे. हैदराबादचा डबल का मीठा घ्या, तोही पावाचाच. म्हणजे आपण काही नवीन करत नव्हतो, फक्त आमच्या घरात ते नव्हतं.

आमच्या घरात पावच उशिरा आला. माझी आजी पावाला स्वयंपाकघरात घेत नसे. पाव पोर्तुगिजांबरोबर आला, शब्दही त्यांचाच, पांव, आणि पाव करणारा तो पादेइरो, त्याचा आपण पदेर केला. १५१० ला ते आले आणि १९६१ ला गेले, मधल्या एवढ्या वर्षांत पाव खाल्ला की माणूस बाटला अशी भीती किती घरांमध्ये मुरली होती हे माझ्या आजीकडे बघून कळायचं. ती गेल्यावरसुद्धा आई कितीतरी दिवस पाव सोप्यावरच्या वेगळ्या डब्यात ठेवायची. आज तिचा दिवस पदेराच्या पों पों हॉर्नने सुरू होतो. सायकल, मागे मोठी टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, सकाळी एकदा आणि संध्याकाळी चारच्या पुढे एकदा. आईच्या लहानपणी हॉर्न नव्हता, पदेराच्या हातात बांबूची काठी असायची, ती जमिनीवर आपटली की खुळखुळ वाजायची, आणि पोरं धावायची. तो आवाज ती तोंडाने अजून काढून दाखवते.

आता पाव कुठला घ्यायचा हे मला नीट सांगायचंय, कारण इथेच सगळं ठरतं. शहरातला गोड, लुसलुशीत स्लाइस ब्रेड अजिबात नको. तो रात्रभर दुधात राहिला की त्याचा लगदा होतो, सकाळी भांड्यात पाव दिसतच नाही, नुसती खीर दिसते. पोई मी फार आशेने करून बघितली, कोंड्याची पोई मला इतर वेळी सगळ्यात आवडते, पण ती आतून पोकळ असते, वरचा-खालचा पदर चिवट राहतो आणि मधे पाणी साठतं. उंडो उत्तम. गोल, वरून कडक, आतला गर घट्ट. आणि कातरे पाव त्याच्याहून उत्तम, फुलपाखरासारखी कातर मारलेला असतो तो, त्याला सालही भरपूर आणि आतला भागही दाट. मी निम्मे उंडे, निम्मे कातरे घेते. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने आंबवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं, पण लाकडाच्या भट्टीतला पाव अजून मिळतो आणि त्याच्या सालीला जो किंचित करपल्याचा वास असतो तो भाजलेल्या दुधात उतरतो. तो वास मला ओव्हनच्या कुठल्याच गोष्टीत दुसरीकडून मिळाला नाही.

आठ पाव घेतले की सहा माणसांचं होतं.

शिळा पाव घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि मी पहिले काही महिने तेच समजून चालले. पण शिळा होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाव शिळा होतो म्हणजे त्यातला स्टार्च, जो भट्टीत पाणी पिऊन मऊ झालेला असतो, तो थंड झाल्यावर परत हळूहळू घट्ट रचनेत बसतो, म्हणून पाव कडक लागतो, पाणी आत असलं तरी. फ्रीजच्या थंडीत हे अजून लवकर होतं, म्हणून पाव फ्रीजमध्ये ठेवला की उलट लवकर शिळा होतो. आपल्याला हवा असतो वाळलेला पाव, म्हणजे आतलं पाणी उडालेलं, म्हणजे ती जागा दूध घेईल. मे महिन्यात तुकडे करून पातळ फडक्याखाली ताटात ठेवले तर सकाळपासून रात्रीपर्यंत पुरे होतात. जूनमध्ये तोच पाव गोव्याच्या हवेत वाळत तर नाहीच, वर सादळतो, चिवट होतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर हिरवा ठिपका. तेव्हा सरळ ओव्हन ११० डिग्रीला लावायचा, तुकडे पसरायचे, वीस-पंचवीस मिनिटं. रंग यायला नको, नुसता बोटाने दाबला की कुरकुर वाजला पाहिजे. गरम असताना दूध घालायचं नाही, पूर्ण गार होऊ द्यायचा.

आता रात्रीचं सांगते. रात्रीची जेवणं झाली, भांडी घासून झाली, बाबा बातम्या बघताहेत, मुलं गच्चीवर, अशा वेळी मी हे करायला घेते आणि मला त्या अर्ध्या तासाचा लोभ सुटलाय. पाव हाताने तोडायचा, सुरीने नाही, तोडलेल्या पावाला खडबडीत कडा येतात आणि भाजल्यावर त्या कडाच कुरकुरीत होतात. आठ पावांना पाच अंडी, सहाशे मिली दूध, त्यातलं दोनशे मिली नारळाचं दूध असलं तर फार चांगलं, चिमूट मीठ, आणि गोडासाठी माडाचा गूळ. हा गूळ काळा असतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो, किंचित खारट-धुरकट चव असते त्याला. शंभर ग्रॅम पुरे. तो आधी चार चमचे पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून घ्यायचा, गाळायचा नक्की कारण तळाला कचरा असतोच, आणि गार करायचा कारण गरम दुधात गूळ पडला की दूध फाटायची भीती. वर जायफळ किसायचं. आमच्या फोंड्याकडच्या कुळागरांतून, म्हणजे पोफळीच्या बागांतून, जायफळ मिळतं, अख्खं, ते आयत्या वेळी किसलं तर एका माणसाच्या ताटात आलेला वास शेजारच्याला येतो.

अंडी फेटताना फेस करायचा नाही. काट्याने हळू, पांढरं-पिवळं एकजीव होईपर्यंत. मग गाळणीतून. मग भांड्याला लोणी, पाव, आणि वरून दूध असं चोहीकडून ओतायचं की कुठला तुकडा कोरडा राहू नये. नंतर हाताच्या तळव्याने एकदा सगळं हलकं दाबायचं. दाबलं की पावाच्या तुकड्यांमधून बारीक बुडबुडे वर येतात, हवा बाहेर येते आणि तिच्या जागी दूध आत जातं, आणि हात काढला की पाव हळूहळू परत फुगतो, श्वास घेतल्यासारखा. तो क्षण बघायला माझी भाची मुद्दाम गच्चीवरून खाली येते. झाकण लावायचं आणि सरळ फ्रीजमध्ये. अंडं-दूध आहे, बाहेर ओट्यावर ठेवायची वस्तू नाही ही. पावसाळ्यात रात्रभर वीज गेली असेल तर मी सरळ फेकून देते, जीव तुटतो पण फेकते, घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असताना तिथे धाडस करायचं नाही.

फळांचं मी शेवटी लिहिणार होते पण तो तर सगळ्यात मोठा भाग आहे.

एप्रिल-मेमध्ये अर्थात आंबा. मानकुराद, पोर्तुगिजांनी रंग न धरणारा म्हणून माल्कोरादा म्हटलं आणि आपण त्याचा मान राखून मानकुराद केला असं सांगतात, २०२३ मध्ये त्याला जीआय मानांकनही मिळालं. हंगामाच्या सुरुवातीला डझनाला काही हजार मोजावे लागतात. तो भाजायचा? मी एकदा भाजला आणि बाबा दिवसभर माझ्याशी नीट बोलले नाहीत, आणि खरं सांगते, बाबांचंच बरोबर होतं. मानकुरादची सगळी श्रीमंती त्या वासात आणि रसाच्या गारव्यात असते, चाळीस मिनिटांच्या आचेत ती जाते आणि मागे नुसता गोडवा राहतो. आता मी भाजायला मुसराद घेते. मुसराद घट्ट गराचा, तोच आंबा आपण मांगाड, म्हणजे आंब्याचा जॅम, करायला वापरतो, त्याला आच मानवते. मानकुराद चिरून फ्रीजमध्ये ठेवते आणि ताटात वाढल्यावर वरून कच्चाच घालते, गरम पावावर गार आंबा.

फणस मात्र भाजल्यावर सुधारतो. कापा फणस पाहिजे, रसाळाचा चिखल होतो. गऱ्यांचे लांब काप करून वर ठेवले की कडेने तपकिरी होतात आणि त्यांचा तो जो उग्र वास असतो, ज्यामुळे निम्मी माणसं नाक मुरडतात, तो भाजल्यावर मधासारखा होतो. माझी वहिनी आयुष्यात फणस खात नव्हती, ती हा खाते.

केळी रात्री घालायची नाहीत, सकाळपर्यंत काळी पडतात. सकाळी ओव्हनमध्ये घालायच्या आधी चकत्या करून वरून लावायच्या. साल्दाटी किंवा रसबाळी छान लागतात. मोयरा गावची ती मोठी केळी पूर्ण पिकलेली मिळाली, साल काळी पडेपर्यंत, तर गूळ निम्मा करा. त्याच केळ्यांची इथे फिगाद करतात, आटवून आटवून केलेली वडी, म्हणजे आच त्या केळ्याला नवीन नाही.

आणि अननस. गेल्या जुलैमध्ये आत्याच्या घरची मंडळी राहायला येणार होती, बागेतला अननस पिकला होता, मी रात्री त्याचे ताजे तुकडे छान पावाच्या मधे मधे खोचून झाकून ठेवले. सकाळी झाकण काढलं तर दूध वेगळं, पाणी वेगळं. तरी भाजलं, म्हटलं आचेने जमेल. तासभर भाजलं तरी मधे पाणीच, आणि चव चक्क कडू. आठ माणसं टेबलाशी बसलेली आणि माझ्याकडे द्यायला काही नाही, शेवटी आईने उठून पोळ्याचं पीठ कालवलं. म्हणजे ज्यासाठी मी हे सगळं सुरू केलं होतं त्याच्या बरोबर उलट झालं, ती परत तव्याशी उभी राहिली, आणि त्या सकाळचं मला अजून वाईट वाटतं. नंतर समजून घेतलं. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. अंड्याची आणि दुधाची प्रथिनं एकमेकांत गुंफून ते मिश्रण घट्ट धरतात, आणि आपण रात्रभर त्यांच्या शेजारी ती तोडणारी वस्तू ठेवलेली. दुधातली प्रथिनं तुटली की कडूपणा येतो तो वेगळाच. उपाय साधा आहे, अननस आधी साखरेबरोबर दहा मिनिटं चांगला उकळू द्यायचा, आचेने ते एन्झाइम निकामी होतं, मग गार करून खुशाल घाला. पपईतही तसलंच असतं, ती मी घालतच नाही.

आता आईचं. पहिल्यांदा मी रात्री हे भिजत घातलं तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती. “कितें गो हें? पाव भिजत घालून दवरता?” मी सांगितलं. “म्हणजे सकाळी सगळ्यांना शिळं वाढणार.” तिच्यासाठी शिळं हा शब्द मोठा आहे. पाहुण्यांना शिळं वाढायचं नाही, मुलांना शिळं द्यायचं नाही, शिळं खायचं ते आपण, गुपचूप, दुपारी. मी म्हटलं आंबोळीचं पीठ तू रात्री वाटतेस ना. ती म्हणाली ते आंबवणं, त्याला शिळं म्हणत नाहीत. मी म्हटलं श्रावणात शिळासप्तमीला आदल्या दिवशीचंच खातात. ती म्हणाली ते व्रत. मग मी म्हटलं, आणि काल्ची कडी?

आता गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, काल्ची कडी म्हणजे आदल्या दिवशीचं माशाचं हुमण, जे मंद आचेवर आटवून आटवून जाड करायचं आणि सकाळी पावाबरोबर खायचं. त्यासाठी आमच्या घरात लोक मुद्दाम रात्री हुमण कमी खातात. बाबा तर ताज्या हुमणापेक्षा त्याची वाट बघतात. रात्रभरात चिंच-सोलांचं आंबट, नारळ, मिरची सगळं एकमेकांत शिरतं आणि सकाळी ते निराळंच काहीतरी झालेलं असतं. त्याला आमच्याकडे कोणी कमी लेखत नाही.

आई काही बोलली नाही. हसली फक्त. आणि झाकण नीट बसलंय की नाही ते बघून झोपायला गेली.

सकाळचं काम सांगण्यासारखं फार नाही. साडेसहाला उठायचं, भांडं बाहेर काढून अर्धा तास ओट्यावर ठेवायचं. हा अर्धा तास विसरू नका. माझं काचेचं भांडं एकदा फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये गेलं आणि आत टण्णकन आवाज होऊन आडवं तडकलं, सगळं काचेसकट टाकावं लागलं. काचेला एकदम थंड-गरम सोसत नाही, जाड काच तर अजिबात नाही. आता मी अॅल्युमिनियमचा साधा चौकोनी ट्रे वापरते. १८० डिग्री, पहिली पंचवीस मिनिटं वर फॉइल, नंतर फॉइल काढून वीस मिनिटं, म्हणजे वरचा भाग सोनेरी होतो. मधोमध सुरी घातली की ती ओली यायला नको, पण भांडं हलवलं तर मधला भाग किंचित थरथरला पाहिजे. त्या थरथरीला घाबरून अजून दहा मिनिटं ठेवलं की अंडं आवळतं आणि पाणी सोडतं, मग सगळं स्पंजासारखं लागतं. काढल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवायचं, तेवढ्यात ते स्वतः बसतं.

सोमवारी आणि श्रावणात आमच्याकडे अंडं नाही. तेव्हा कस्टर्ड पावडर, दुधात शिजवून पातळसर ठेवून गार करून ओतायची. चांगलं लागतं, पण फुगत नाही, मला त्याची तेवढी ओढ नाही.

आणि त्या पंचेचाळीस मिनिटांत काय करायचं हा प्रश्न मला पहिल्या दिवशी खरंच पडला होता. ओट्याशी काही कामच नव्हतं. ओव्हन घुमतोय, घरभर जायफळ आणि भाजक्या दुधाचा वास, आणि मी आणि आई दोघी स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या, सवयीने. मग मी म्हटलं चल बाहेर. आम्ही सोप्यावर येऊन बसलो. सकाळचे सव्वासात. समोर तुळस, बाबा फुलं काढत होते. आई म्हणाली, या वेळेला इथे ऊन कुठवर येतं ते मला माहीतच नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती त्या घरात आहे.

आठ वाजता ट्रे टेबलावर आला. बारा जणांसाठी दोन ट्रे केले होते. भावाने कापले, सगळ्यांना एकदम वाढलं, आणि मग ते घडलं ज्याच्यासाठी मी रात्री पाव तोडत बसले होते. आई उभीच होती, कोणाला काय हवं ते बघत. वाढण्यासारखं काही उरलं नव्हतं. चहा किटलीत तयार. सगळ्यांच्या ताटात सारखंच. माझी भाची म्हणाली, “आजी, बस मगे आतां.” आई इकडेतिकडे बघून खुर्चीवर बसली, अर्ध्या खुर्चीवर, उठायच्या तयारीत, आणि म्हणाली, “म्हाका ल्हान कुडको दी.” भावाने तिला कोपऱ्यातला तुकडा दिला, जिथे दोन्ही बाजूंनी साल कुरकुरीत होते, सगळ्यात चांगला. तिने चमच्याने कोपरा मोडला, फुंकर घातली, खाल्ला. मग मागे सरकून पूर्ण खुर्चीवर बसली.

तिने काय म्हटलं माहितीय? गोड थोडं कमी घाल, आणि मीठ थोडं जास्त. पुढच्या वेळी तसं केलं आणि ते खरंच जास्त चांगलं झालं.

पोळे बंद झाले असं नाही, कोणी तसं समजू नका. आईच्या हातचा जाळीदार पोळो आणि नारळाचा गोड रस, याच्यासमोर माझा पाव कुठेच नाही हे मी लिहून देते. पण आता पोळे होतात तेव्हा घरात चार माणसं असतात, बारा नाही. बारा असतात तेव्हा ट्रे.

या वर्षी एक झालं. मी एप्रिलमध्ये एकटीच दोन दिवस गेले होते तर संध्याकाळी आई सोप्यावर मांडीवर ताट घेऊन पाव तोडत बसलेली. तीन उंडे. मी विचारलं कोण येणार आहे. कोणी नाही, म्हणाली, आपण तिघंच. तिने लहान स्टीलच्या डब्यात लावलं होतं, वर कापा फणसाचे चार काप, आणि गुळाच्या पाण्यात वेलची, जायफळाऐवजी. मी काही सुचवलं नाही.

सकाळी आम्ही तिघं सोप्यावर ताटल्या घेऊन बसलो होतो. ऊन तुळशीच्या कट्ट्याला लागलं होतं. तेवढ्यात वळणावर पदेराचा हॉर्न वाजला. एरवी पहिल्या पों पोंला आई उठून फाटकाशी पोचलेली असते, पैसे मुठीत घेऊन. तिने मान वळवून आवाजाकडे बघितलं, हातातला घास तोंडात घातला, आणि मला म्हणाली, “तूच जा. आठ घे. कातरे असतील तर कातरेच घे.”